ब्रेट भिंतीवर जाणार की नाही

उजू, निकाल लागला. थांब, लगेच सांगणार नाही. ज्या रविवारी तू लॅबच्या शिफ्टला असायचीस, त्या रविवारी संध्याकाळी फोन करून पहिला प्रश्न, "कोण जिंकलं ते आधी सांग." मी म्हणायचे, अगं, ते सांगितलं तर माझा रिपोर्ट कोण वाचणार? तर आज तुला क्रमानेच ऐकावं लागेल. मध्ये मध्ये तोंड घालायची सोय नाही, त्यामुळे माझं बोलणं पहिल्यांदाच सलग होणार आहे. मला ते अजिबात आवडलेलं नाही, पण बोलते. रविवारपासून माझे पाय जमिनीवर नाहीत, आणि हे सगळं ज्याला सांगावं असं माणूस या अख्ख्या सिडनीत एकच होतं.

घरी सांगून पाहिलं. मिलिंद म्हणाला, "अच्छा, लागला का त्याचा नंबर? छान," आणि डिशवॉशर लावायला गेला. रेवाला फोन केला. ती म्हणाली, "आई, दॅट्स सो गुड, आय हॅव अ मीटिंग." झालं. नऊ वर्षांच्या भांडणाचा निकाल आणि घरातून मिळाली ही दाद.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात हे छापून येणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. तू तोवर जांभया दे. तुझा निनाद आणि माझी रेवा लहान होते तेव्हा आपण त्यांना ब्लॅकटाउनच्या बाजूला बेसबॉलच्या क्लबात घातलं, कारण क्रिकेटच्या टीममध्ये जागा नव्हती. एवढंच कारण, उगाच काही थोर नाही. क्लबाचा नियम असा की प्रत्येक मुलामागे घरातल्या एकाने काहीतरी काम करायचं. सॉसेज भाजा, मैदान आखा, नाहीतर स्कोअर लिहा. सॉसेज तू भाजणार नव्हतीस आणि उन्हात चुन्याची गाडी मी ढकलणार नव्हते. मग आपण दोघी जाळीमागच्या त्या पत्र्याच्या खोक्यात बसून स्कोअर लिहायला शिकलो. पुढे डेबने, म्हणजे क्लबच्या सेक्रेटरीने, विचारलं की न्यूजलेटरला दर आठवड्याचा मॅच रिपोर्ट कुणी लिहील का. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. तू हात वर केलास, आणि दुसऱ्या हाताने माझाही वर केलास.

पोरं मोठी झाली, युनीला गेली, त्यांना आता बेसबॉलचा बॉल दिसला तरी ओळखणार नाहीत. आपण तिथेच राहिलो. तुझा शेखर म्हणायचा, "या दोघींना मुलं नव्हती, मुलांना या दोघी होत्या." त्यात तथ्य किती ते त्यालाच माहीत, पण तू दर वेळी हसायचीस.

आता भिंत. क्लबहाउसमध्ये कॅन्टीनपासून चेंजरूमकडे जो पॅसेज जातो, त्याची डावी भिंत म्हणजे आपला हॉल ऑफ फेम. थोर खेळाडूंचे फोटो, खाली पितळी पट्टी, पट्टीवर दोन-तीन ओळी. ही भिंत सुरू केली वॉल्टने. ते मूळचे अमेरिकन, आणि त्यांचा हट्ट असा की निवड त्यांच्या देशात होते तशीच इथे व्हायची. तिकडे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये खेळाडूला खेळाडू नेत नाहीत, मालक नेत नाहीत, प्रेक्षकही नेत नाहीत. पेपरात खेळावर लिहिणारे नेतात. सलग दहा वर्षं लिहिलं की मत मिळतं. खेळाडूने खेळ सोडून पाच वर्षं झाली की त्याचं नाव यादीत येतं. मत देणाऱ्या दर चौघांमागे तिघांनी हो म्हटलं तर तो आत. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा. असं दहा वर्षं. दहाव्या वर्षीही जमलं नाही तर नाव यादीतून जातं. वॉल्ट म्हणायचे, खेळाडू मित्राला मत देतो, कमिटी वशिल्याला देते, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला मित्रच नसतात. म्हणून आपल्या क्लबात न्यूजलेटरला दहा वर्षं लिहिलेल्यांनाच मत, आणि प्रत्येकाने आपलं मत, मोजणीआधी नाहीतर नंतर, पण कारणासकट छापायचं. लपवाछपवी नाही.

तुला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तू किती खूश झाली होतीस ते मला लख्ख आठवतं. गाडीत बसल्या बसल्या म्हणालीस, "मेधा, आपल्या मंडळात कधी मतदान झालेलं बघितलंयस? अध्यक्ष कोण, सर्वानुमते. नाटक कुठलं, सर्वानुमते. दोन महिने घरोघरी कुचूकुचू आणि स्टेजवर सर्वानुमते. इथे 'नाही' म्हणायचं आणि खाली सही करायची. काय मजा आहे." तेव्हा मला वाटलं, हिला काय वेड लागलंय. दहा वर्षं रिपोर्ट लिहिलेस ते मत मिळावं म्हणूनच, असं मी आजही म्हणेन.

आणि मग ब्रेट. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आणि ब्रेटसारखा पिचर आपल्या मैदानाने पाहिलेला नाही. यावर तुझं-माझं कधीच दुमत नव्हतं. त्याचा वळणारा चेंडू बॅटरच्या गुडघ्यापाशी येऊन असा खाली बसायचा की बॅटर रिकाम्या हवेला झोडपून स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. तू स्कोअर लिहिता लिहिता "आहाहा" म्हणायचीस, आणि पुढच्या बाकावरची मंडळी वळून बघायची.

पण ती फायनल. ऊन रणरणतंय, आपण खोक्यात घामाघूम, आणि तू मध्येच लिहायचं थांबलीस. "मेधा, हा बोटं कुठे लावतोय बघ." मी बघितलं. मला वाटलं घाम पुसतोय. तू म्हणालीस, "साध्या चेंडूला नाही पुसत. वळवायचा असला की पुसतो." दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसणारी बाई तू, तुझ्यापुढे माझ्या चष्म्याचं काय चालणार? मॅच संपली, आपण जिंकलो, सगळे मैदानात एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत, आणि तू शांतपणे बाकापाशी गेलीस, ब्रेटचा ग्लोव्ह उचललास, मनगटाजवळ दोन बोटं टेकवलीस आणि वास घेतलास. राळ. बॅटची पकड घट्ट व्हावी म्हणून चोपडतात ती चिकट राळ. पिचरने बोटांना लावली की चेंडू हवा तसा वळतो, आणि म्हणूनच पिचरला ती बंद आहे.

तू ते रिपोर्टात लिहिलंस. जिंकल्याचं पहिल्या परिच्छेदात, राळेचं दुसऱ्यात. डेब म्हणाली, "उज्, आर यू शुअर, लव्ह?" तू म्हणालीस, "आय टच्ड इट." छापून आलं, समोरच्या क्लबाने वाचलं, तक्रार केली, आणि आपल्याकडची ट्रॉफी परत गेली. पुढचा अख्खा सीझन कॅन्टीनच्या रांगेत आपल्याशी कुणी धड बोललं नाही. आणि ब्रेट सगळ्यांसमोर म्हणाला की स्कोअररला उन्हात नीट दिसलं नसेल, तिला खेळ तसा नवा आहे. आणि तू? पुढच्या रविवारी नेहमीसारखी डबा घेऊन खोक्यात हजर, पेन्सिलीला टोक काढत.

काही वर्षांनी ब्रेट खेळायचा थांबला, आणखी पाच वर्षांनी त्याचं नाव यादीत आलं, आणि आपलं भांडण सुरू झालं. दर वर्षी माझं हो, तुझं नाही, न्यूजलेटरमध्ये शेजारी शेजारी. मी लिहायचे की भिंत खेळाची आहे, देव्हारा नाही. खुद्द वॉल्ट त्या भिंतीवर आहेत, जे एकदा पंचाच्या अंगावर फोल्डिंग खुर्ची घेऊन धावून गेले होते. एका दुपारसाठी बाकीची सगळी वर्षं पुसायची का? तू लिहायचीस की फोटो लावणं म्हणजे पोरांना "असं व्हा" म्हणणं. आणि चेंडू वळवणं शिकता येतं, खोटं न बोलणं शिकवावं लागतं. टूनगॅबीला तुझ्या दारात गाडी लावून, इंजिन चालू ठेवून आपण यावर किती दुपारी घालवल्या असतील. शेखर दार उघडून बघायचा आणि पुन्हा लावून घ्यायचा. त्याला वाटायचं, इस्टेटीचं काही चाललंय.

एक मात्र मी तुला कधी विचारलं नाही. ज्या माणसाने तुला चारचौघांत खोटं पाडलं, त्याला तुझीच मैत्रीण दर वर्षी मत देते, याचं तुला वाईट वाटायचं का? जिभेवर यायचं, आणि तू नेमकी तेव्हाच म्हणायचीस, "चल, तुझ्या हातच्या कॉफीने डोकं दुखतं, माझ्याकडे चहा घे." एकदाच तू आपण होऊन म्हणालीस, "तू माझ्यासाठी 'नाही' लिहिलंस ना, तर मी तुझ्याशी बोलणं सोडेन." मी ते उत्तर समजून घेतलं. ते उत्तरच होतं ना, उजू?

तुझ्यामुळे मी कामावरही नाही म्हणायला शिकले, हे तुला सांगायचं राहिलं. टेस्टिंगच्या मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत असताना मी म्हटलं की हे सॉफ्टवेअर शुक्रवारी बाहेर जाणार नाही, आणि खाली माझं नाव लिहा. मॅनेजरने बघितलं माझ्याकडे, पण लिहिलं. घरी येताना मेट्रोत मला तुझं हसू ऐकू येत होतं.

मग तू गेलीस. कशी, कुठे, ते इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. शोकसभा मंडळाने घेतली. हॉल भरला होता, निनाद मेलबर्नहून आलेला, शेखर पहिल्या रांगेत नुसता बसून. एकेक जण उठून बोलत होता. उज्ज्वलाताई किती गोड, किती समंजस. आणि मग कुणीतरी म्हणालं, "तिने आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला रडू फुटायचं ते राहिलं आणि सणकून राग आला. अगं, तू? वाटलं उठावं आणि ओरडावं की बायांनो, तुम्ही कुणाला पोचवायला आलायत? पण शेखरकडे बघून गप्प बसले. मागे वळले तर शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून ब्रेट उभा होता. ढगळ काळा कोट, हातात गाडीची किल्ली. मराठीचं एक अक्षर कळत नसताना तो शेवटपर्यंत थांबला.

आता ऐक, इथून खरी गोष्ट. त्या आठवड्यात डेबचा मेसेज आला. मतदान ठरल्याप्रमाणे, ब्रेटचं दहावं म्हणजे शेवटचं वर्ष, या वेळी मतदार आठ. मी आठ वाचलं आणि पुढे गेले. मग भांडी आवरताना डोक्यात ट्यूब पेटली. गेल्या वर्षी आपण नऊ जण होतो. ब्रेटला पडली सहा. नवांत सात लागतात, म्हणून एका मताने राहिला. तू, जॉइस आणि केव्ह, तुम्ही तिघं नाही. यंदा तू नाहीस म्हणजे आठ, आणि आठात सहा पुरतात. म्हणजे कुणी काही न करता, कुणाचं मन न बदलता, ब्रेट आत. तू गेलीस म्हणून.

मी नळ बंद केला. नऊ वर्षं मी ज्यासाठी भांडले ते मला फुकट मिळत होतं, आणि ते असं मिळत होतं. समोरची टीम आलीच नाही म्हणून मॅच बहाल करतात, तसं. मला ते नको होतं. मला तुला हरवायचं होतं गं, तू समोर असताना.

दुसऱ्या दिवशी डेबला गाठलं. म्हटलं, उज्ज्वलाचं मत "नाही" म्हणून मोज, मतदार नऊच ठेव. तिचं कारण सगळ्यांना पाठ आहे. डेबने माझा हात हातात घेतला. "मेधा, लव्ह, डेड पीपल डोन्ट व्होट." मी म्हटलं, आपल्याकडे देतात कधीकधी. तिला विनोद कळला नाही. नियमात जो मतपत्रिका देत नाही तो मोजला जात नाही, आणि नियम वॉल्टचा. मग राहिला एकच मार्ग. सात मतं मिळवायची. सात असली म्हणजे तुझं "नाही" धरूनही नवात सात होतात आणि तो जातो. जॉइस किंवा केव्ह, दोघांतला एक फोडायचा.

केव्हकडे आधी गेले, कारण तो जवळ, कॅसल हिललाच. त्याने दारातच सांगितलं, "नो चान्स, मेट," आणि लिंबांची पिशवी हातात देऊन मला परत पाठवलं. विषय संपला. लिंबं चांगली होती.

जॉइस तुझ्या मागच्याच रस्त्यावर. ऐंशी पार केलेली बाई, अजूनही हाताने रिपोर्ट लिहून देते आणि डेबला टाइप करायला लावते. मी माझा सगळा दारूगोळा घेऊन गेले होते. त्याचे आकडे, त्याचे सीझन, वॉल्टची खुर्ची. जॉइसने सगळं ऐकून घेतलं, चहा ओतला आणि म्हणाली, "डार्लिंग, तो किती चांगला होता ते मला नको सांगू. मी तिथे होते." मग म्हणाली, "मी नाही म्हणते ते वेगळ्याच कारणाने. फोटो लागला ना, की दहा वर्षांनी त्या पॅसेजमधून जाणाऱ्या कुणालाही ते राळेचं ठाऊक नसेल. भिंत सगळं धुऊन टाकते. मग उज्ज्वलाने एवढं सोसलं ते कशासाठी?"

आणि उजू, तिथे मला सुचलं. चहाचा कप हातात, आणि एकदम सुचलं. मी म्हटलं, जॉइस, भिंतीनेच सांगितलं तर? पट्टीवरच लिहिलं तर? त्याचे आकडे लिहायचे आणि खाली लिहायचं की एका फायनलमध्ये त्याच्या ग्लोव्हवर राळ होती, ट्रॉफी परत गेली, आणि ते क्लबच्या स्कोअररने पाहिलं आणि छापलं. जॉइसने कप खाली ठेवला. "असं कुणी करतं का?" "नाही करत," मी म्हटलं, "पण नियमात नको असं कुठे म्हटलंय?" ती म्हणाली, "त्याला चालेल का, ते आधी विचारून ये."

गाडीत बसले. नऊ वर्षं तू आणि मी दारात गाडी लावून घसा कोरडा करत होतो, आणि हे आपल्याला का नाही सुचलं? तुझं उत्तरही मला ऐकू आलं, तुझ्याच आवाजात, नाक उडवून. "एवढं लिहायचं असेल तर फोटो लावता कशाला?" माहीत आहे. तू तरीही नाहीच म्हणाली असतीस. तुला अशी मांडवली कधीच पटली नसती. मी त्या रिकाम्या सीटला म्हटलं, नाही पटत तर नको पटू दे, पण मी हे करणार आहे. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत होता. बघू दे.

ब्रेटचं टायरचं दुकान ब्लॅकटाउनला. गेले तेव्हा तो एका यूट गाडीच्या चाकाशी वाकला होता. केस गेलेत, पोट सुटलंय, मनगटं तेवढी तीच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सात का हवीत, जॉइस काय म्हणाली, पट्टीवर काय लिहायचंय. त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. मला वाटलं आता हाकलणार.

"शी वॉज राइट," तो म्हणाला. "यू नो दॅट."

"मला माहीत आहे. तू कधी म्हणाला नाहीस."

"नाही म्हणालो." मग म्हणाला, "ती पुढच्याच रविवारी आली होती, आठवतं? मला वाटलं होतं येणार नाही. ती आली आणि गुड मॉर्निंग म्हणाली. मग प्रत्येक रविवारी म्हणाली. त्यानंतर सांगणं जमलंच नाही मला." त्याने पाना उचलला, खाली ठेवला. "पट्टीवर लिहा. पण 'स्कोअरर' नका लिहू. तिचं नाव घाला."

दुकानातून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये मला रडू कोसळलं. शोकसभेत आलं नव्हतं ते सगळं. एका बाईने येऊन "यू ओके, लव्ह?" विचारलं, तिला सांगितलं की मी फार आनंदात आहे. ते खरंही होतं.

मग माझा लेख लिहिला. या वर्षी दोन मतं लिहिली. वरती माझं हो, पट्टीच्या ओळीसकट. खाली तुझं नाही. जितकं जोरदार लिहिता येईल तितकं, तुझे टोमणे, तुझा तो "असं व्हा" चा मुद्दा, मला दर वेळी निरुत्तर करणारा. डेबने विचारलं, "स्वतःच्याच विरुद्ध एवढं चांगलं का लिहिलंस?" म्हटलं, मी नाही लिहिलं, ऐकून उतरवलं. लेख छापून आल्यावर गडबडच उडाली. ब्रेटचे जुने दोस्त चिडले, म्हणे फोटो लावायचा तर मानाने लावा, शिक्षा झाल्यासारखा नको. हो म्हणणाऱ्या आपल्या सहांतलेच दोघे माझ्याशी कॅन्टीनमध्ये तुटक बोलले. म्हणजे जॉइस मिळवायच्या नादात मी हातातली दोन घालवते की काय? मिलिंद म्हणाला, "तुला आयतं मिळत होतं ना? गप्प का नाही बसलीस?" मी त्याला काय सांगणार? तुला एका शब्दात कळलं असतं.

रविवारी मॅच संपल्यावर सगळे क्लबहाउसात जमले. बाहेर सॉसेजचा वास, आत पंखे फुल स्पीडला, तरी घाम. ब्रेट आला नव्हता, यादीतले येत नसतातच. डेब खुर्चीवर उभी राहिली आणि एकेक कागद उघडून वाचायला लागली. शेजारी फळा, खडूचे दोन रकाने. या वेळी "हो" म्हणजे पट्टीच्या त्या ओळीसकट हो, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. पहिला, हो. दुसरा, हो. तिसरा, नाही. तो केव्हचा असणार, कारण तो छताकडे बघत होता. चौथा, हो. पाचवा, हो. माझा कुठला ते मलाही कळेना, सही लेखाखाली, कागद सगळे सारखे. जॉइस माझ्या शेजारी, पर्स मांडीवर, चेहऱ्यावर काही नाही. सहावा, हो.  आता दोन राहिले. एक जरी "नाही" निघाला तरी ब्रेट आत होता, मला हवं ते मात्र गेलं होतं. सातवा कागद डेबला उलगडेना, तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. हो. आठवा. तिने उघडला, बघितला, माझ्याकडे बघितलं.

हो.

अगं, काय आरडाओरडा. कुणी टेबल बडवतंय, कुणी शिट्ट्या मारतंय, जॉइस माझ्या गुडघ्यावर थापट्या मारतेय, तिचा हात किती जड आहे तुला कल्पना नाही. मी ढसाढसा रडत हसत होते. कॅन्टीनमध्ये जे दोघे तुटक बोलले होते, त्यांनीही शेवटी होच लिहिलं होतं. डेबने सगळ्यांना गप्प केलं आणि मोठ्याने म्हणाली, "सेव्हन आउट ऑफ एट. ही इज इन."

मी उभी राहिले. "आउट ऑफ नाइन," म्हटलं.

  डेब म्हणाली, "मेधा. लव्ह. आपण बोललोय यावर."

"बोललोय. पण आता बघ ना. नऊ धरलेस तरी तो आत आहे. कुणाचं काही जात नाही. ती दहा वर्षं लिहून मत मिळवलेली बाई आहे, आणि तिचं मत काय आहे ते या खोलीत प्रत्येकाला माहीत आहे. लिही, डेब."

डेबने केव्हकडे बघितलं, केव्हने खांदे उडवले. मग तिने जॉइसकडे बघितलं. जॉइस म्हणाली, "वॉल्ट असता तर त्याने कधीच हात धरून लिहायला लावलं असतं. लिही."

डेब खुर्चीवरून उतरली. "नाही" च्या खाली एक रेघ होती, तिच्या शेजारी तिने दुसरी ओढली. मग मागे सरून सगळ्यांना दिसेल असं वाचलं, "यस, सेव्हन. नो, टू."

ब्रेट भिंतीवर गेला, उजू. तू "नाही" म्हणत असताना गेला.